अर्थ नसलेली गिटार

मी इलेक्ट्रिक गिटार बोलतेय. घाबरू नका, आत्ता माझी वायर काढून ठेवलेली आहे, त्यामुळे कानठळ्या बसणार नाहीत. विजेशिवाय बोलायचं म्हणजे मला कुजबुजावंच लागतं. जरा जवळ सरका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला आणि खरं सांगायचं तर घाईत झाला. लाकूड बरं होतं. रंग तर फारच झकास, पिकल्या टोमॅटोसारखा. पण माझ्या पोटातल्या वायरी जोडणाऱ्या माणसाची जेवणाची सुट्टी जवळ आली होती. शेवटचा टाका त्याने उपाशीपोटी मारला आणि मला पुढे ढकललं. उपाशी माणसाच्या कामावर फार विसंबू नये.

पुढची दोन वर्षं मी एका दुकानात मानेने लटकून काढली. येणारा प्रत्येक जण मला खाली काढून तेच चार सूर वाजवायचा, विचारात पडल्यासारखं करायचा आणि "जरा फिरून येतो" म्हणून जायचा. माणसं इतकी कुठे फिरत असतात, कोण जाणे!

मग एके दिवशी समोरच्या चष्म्याच्या दुकानातली बाई आली. तिने मला हातात घेतलं ते एखाद्याच्या नाकावर चष्मा बसवून बघावं तसं. जरा डावीकडून, जरा उजवीकडून.

"मला शोभेल का हो ही?" तिने विचारलं.

"ताई, शोभायचं नंतर बघा, आधी वाजवून तर बघा," दुकानदार म्हणाला.

तिने वाजवलं. ते चार सूर नव्हते, वेगळंच काहीतरी होतं. संध्याकाळी मी तिच्या घरी होते.

घरात माणसं तीन. चष्मेवाली, तिचा नवरा आणि सासूबाई. सासूबाई कारखान्यातून निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या. नवरा शांतताप्रिय. म्हणजे वाद दिसला की त्याला बाहेर काहीतरी काम आठवायचं.

आता माझी एक खोड सांगते. मला आवाजाच्या पेटीला जोडलं की मी घूंऽऽ करायला लागायचे. कुणी वाजवो न वाजवो, माझं आपलं चालू. शेजारी फ्रिज सुरू झाला की मला आणखी जोर चढायचा. मला स्वतःलाच लाज वाटायची, पण थांबवता येत नव्हतं.

पहिल्याच दिवशी सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मान कलती करून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "याला अर्थ नाही."

आणि निघून गेल्या. चष्मेवालीचं बोट तारेवर तसंच राहिलं.

आठवड्याने त्यांनी मुलाला सांगितलं, "तिच्या त्या गिटारला अर्थ नाहीये रे. सांग तिला." मुलाला तेवढ्यात बाहेरचं काम आठवलं. पण चष्मेवाली पलीकडच्या खोलीत होती आणि तिचे कान शाबूत होते.

त्या दिवसापासून घरात भयंकर सभ्यता सुरू झाली. "आई, चहा ठेवू का?" "ठेव, पण तुला वेळ असेल तर." "आई, पंखा कमी करू का?" "तुला हवा असेल तर राहू दे." भांडणाचा आवाज तरी बरा, असं मला वाटायला लागलं. चष्मेवाली मला आता दार लावून वाजवायची. तेही सासूबाई बाजारात गेल्या असतील तेव्हाच.

त्यातच तिच्या चमूचा कार्यक्रम ठरला. चमू म्हणजे तिघं. ड्रम वाजवणारा एक दंतवैद्य, जाड तारांची बेस गिटार वाजवणाऱ्या विज्ञानाच्या एक शिक्षिका आणि आम्ही. वाचनालयाच्या अंगणात, रविवारी दुपारी. सरावाच्या वेळी दंतवैद्य म्हणाला, "तुझी गिटार सुरू झाली ना, की मला माझं दात कोरायचं मशीन आठवतं. लोक उठून पळतील गं."

चष्मेवालीने ठरवलं, माझे पिकअप बदलायचे. पिकअप म्हणजे माझे कान. तारांच्या खाली चुंबकं बसवलेली असतात, त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर तारा थरथरल्या की हे ऐकतात आणि वायरीतून पेटीला जाऊन सांगतात. तिने चांगल्यातले नवे दोन मागवले. चष्म्याचे इवले स्क्रूड्रायव्हर घेऊन मला जेवणाच्या टेबलावर उताणी पाडलं, पुढे मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा सोल्डरिंग केलं, म्हणजे वितळलेल्या धातूने वायरींना टाके मारले. मला गुदगुल्या झाल्या, चटके बसले, पण मी दम धरला. नवे कान मिळणार होते ना!

मला पेटीला जोडलं. घूंऽऽ.

अगदी पहिल्यासारखं. वर एक नवीन दुखणं जडलं. दोन्ही पिकअप एकदम चालू केले की माझा आवाज पडसं झाल्यासारखा नाकातून यायचा.

कार्यक्रमाला तीन दिवस उरले होते. चष्मेवालीने मला खिडकीपाशी उजेडात नेलं, माझा फोटो काढला, मोबाईलवर विक्रीच्या साइटवर टाकला आणि खाली लिहिलं, 'विकायची आहे'. लिहिताना तिने दोनदा डोळे पुसले. मला तर पुन्हा मानेने लटकणंच दिसायला लागलं.

तेवढ्यात सासूबाई ताटं मांडायला आल्या. टेबलावर वायरी, स्क्रू, जुने पिकअप असा माझा सगळा कोथळा पसरलेला.

"हे काय चाललंय?"

"काही नाही, आई. विकून टाकतेय. तुम्हालाही उगाच त्रास नको."

"मला कसला त्रास?"

"तुम्हीच म्हणता ना, याला अर्थ नाही म्हणून."

"नाहीच आहे! चार महिने सांगतेय. अर्थ नाही म्हणून तर घुमतेय ती!"

चष्मेवालीने मोबाईल खाली ठेवला.

"अगं, अर्थ! अर्थिंग! अर्थची वायर! ती कुठेतरी सुटलीये हिची. तुला काय वाटलं?"

"मला वाटलं... माझ्या वाजवण्यालाच अर्थ नाही."

सासूबाईंनी हातातली ताटं खाली ठेवली आणि त्या खुर्चीवर बसल्या.

"वाजवण्यातलं मला काय कळतंय! पण ते तुझं हळू हळू जाणारं एक आहे ना, ते मी भांडी घासताना गुणगुणते. हल्ली ऐकूच येत नाही. म्हटलं, माझ्यावर रागावलीस की काय."

चष्मेवाली शेजारची खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली.

तिने विचारलं, "पण आई, तुम्हाला हे वायरींचं कसं कळतं?"

"म्हणजे? अठ्ठावीस वर्षं कारखान्यात फोन जोडलेत मी. शेवटची अकरा तपासणीवर होते. रिसीव्हर कानाला लावायचा, घूं ऐकू आलं की परत पाठवायचा. माझ्या हातून घुमणारा फोन बाहेर गेलेला नाही."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलं?"

मग त्या उठल्या, पदर खोचला आणि माझा ताबा घेतला.

"जोड पेटीला. आता तारांवर हात ठेव. घूं कमी झालं?"

"नाही."

"आता या प्लगच्या धातूला बोट लाव."

तिने बोट लावलं आणि माझा आवाज एकदम खाली आला.

"बघ! वायर प्लगपर्यंत पोचलीये, तारांपर्यंत नाही. मधेच सुटलीये कुठेतरी."

तारा जिथे अंगात शिरतात तिथली पट्टी काढली. खाली एक काळी वायर नुसती टेकून बसली होती. तो उपाशी माणसाचा टाका! धरल्यासारखं करून त्याने कधीच हात सोडलेला होता.

सासूबाईंना बारीक दिसेना. चष्मेवालीने दुकानातलं डोक्याला बांधायचं भिंग आणून त्यांच्या कपाळावर चढवलं. भिंगातून त्यांनी आधी सुनेची कारागिरी पाहिली.

"हे काय सोल्डरिंग आहे की चिंचोके चिकटवलेत?"

"आई!"

"टाका चमकला तर पक्का, मळकट दिसला तर कच्चा. हे सगळे मळकट. काढ. आधी जोडायच्या जागेला ऊब दे, मग सोल्डर लाव. त्याला ढकलायचं नाही, ते आपसूक पसरलं पाहिजे."

चिंचोके निघाले. नाकातल्या आवाजाचं कारणही सापडलं. "हे दोन्ही पिकअप उलटसुलट बोलतायत. एक हो म्हणतो तेव्हाच दुसरा नाही म्हणतो. एकाच्या दोन्ही वायरींची अदलाबदल कर." खरखरणारं आवाजाचं बटण बदललं. पोटाला आतून तांब्याच्या पट्टीचं अस्तर लावलं, बाहेरची कुरकुर आत शिरू नये म्हणून. दोन दुपारी हे चाललं होतं. नवऱ्याला टेबलावर जागाच नव्हती. तो ओट्यापाशी उभ्याने जेवला आणि कधी नव्हे तो बाहेर गेला नाही.

अर्थचा टाका मात्र सासूबाईंनी सुनेला मारायला लावला. "गिटार तुझी आहे. तूच मार."

तो चमकला.

मला पेटीला जोडलं. काही नाही. अगदी निवांत. क्षणभर मला वाटलं, मी मेलेच. मग चष्मेवालीने ते हळू जाणारं वाजवलं आणि मी माझाच आवाज पहिल्यांदा ऐकला. खालचे सूर गोल, वरचे स्वच्छ, मधे कचरा नाही.

"जुने पिकअपही वाईट नव्हते," सासूबाई म्हणाल्या, "पण हे नीट ऐकतात. पैसे पाण्यात नाही गेले."

रविवारी वाचनालयाचं अंगण भरलं. दुसरं गाणं सुरू झालं आणि कुठूनतरी घूंऽऽ! दंतवैद्याने वाजवता वाजवता माझ्याकडे डोळे वटारले. पहिल्या रांगेतून सासूबाई ताडकन उठल्या.

"तिचं नाहीये ते!" भर कार्यक्रमात त्या म्हणाल्या. "तुमच्या स्पीकरचं आहे!"

"काकू, तुम्ही बसा ना," स्पीकरवाला विनवत होता. काकू बसल्या नाहीत. त्याच्या वायरी बघितल्या, एक उपटून दुसरीकडे खोचली, घूं बंद झालं आणि मगच त्या बसल्या. त्या दुपारी सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या त्या याला. आम्हाला दुसऱ्या नंबरच्या पडल्या, पण मी मनाला लावून घेतलं नाही.

हे होऊन वर्ष झालं. माझा विक्रीचा फोटो तिने तेव्हाच साइटवरून काढून टाकला. आवाज आता असा लागतो, की दुकानात मला नाकारून गेलेल्या सगळ्यांना बोलावून ऐकवावंसं वाटतं. घरातली सभ्यता पार संपली आहे. दोघी कडाकडा भांडतात.

"आई, कपॅसिटर आहे तोच छान आहे!"

"तुला काय कळतंय? दुसरा लावला की आवाज आणखी मऊ होईल."

"गेल्या महिन्यातही असंच म्हणालात!"

"मग झाला नाही का?"

झाला होता. तेच तर दुखणं आहे. सासूबाईंना सुधारणेचा नाद लागलाय. वर्षभरात माझं पोट नऊ वेळा उघडलं. म्हणून तुमच्याकडे एकच विनंती आहे. तुमच्या माळ्यावर एखादी घुमणारी, खरखरणारी, टाकून दिलेली गिटार असेल तर कृपा करून आमच्या घरी पाठवा. तिचं कल्याण होईल आणि मला चार महिने विश्रांती मिळेल.

आता आवरतं घेते. सासूबाई कपाळाला भिंग बांधून इकडेच येतायत. सुनेला म्हणतायत, "काही करत नाही गं, नुसती बघते." माझ्या उभ्या आयुष्यात त्यांनी नुसतं बघितलेलं नाही.