न कापलेली चार मिनिटं

"चार मिनिटं एक म्हातारी नुसती खुर्चीत बसलीये. कोण बघणार हे?" निर्माते असलेल्या क्रॉपसाहेबांनी चित्रपटाच्या प्रतीवर पिवळ्या पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या. "एवढं उडवा, अर्नेस्टीनबाई."

अर्नेस्टीन प्रुइटने कात्रीला हात लावला नाही. हॉलिवूडच्या त्या फिल्म लॅबमध्ये निगेटिव्ह कापायचं काम ती एकोणीस वर्षं करत होती. प्रती हव्या तितक्या निघतात, निगेटिव्ह एकच. एकदा कापून पुन्हा सांधायचं म्हटलं, तर दोन्हीकडची फिल्मची एकेक चौकट कायमची जाते. म्हणून दिग्दर्शकाच्या रेघेशिवाय तिथे कात्री चालत नसे.

"ही रेघ टोबीची नाही, साहेब."

"टोबीला कालच फाटकाबाहेर काढलाय."

"जुन्या धर्तीचे चित्रपट चालेनात, लांब केसांच्या पोरांना आणा, असं तुम्हीच म्हणत होता ना?"

"आणलं ते पडद्यावर मोटारसायकली पळवायला. खुर्च्या दाखवायला नव्हे."

चित्रपटातली ती म्हातारी व्हिएतनामच्या लढाईतून शवपेटीत आलेल्या मुलाला पुरून घरी परतली होती. टोबीने कॅमेरा तिच्यासमोर ठेवला आणि हलवलाच नाही. ना संगीत, ना आसवं. अर्नेस्टीनने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला रविवारचे पाद्री गेन्स आठवले. गात गात प्रवचन रंगवायचं, सूर चढवत न्यायचा आणि ऐन टिपेला गप्प व्हायचं, ही त्यांची रीत. बायकांच्या हातातले पुठ्ठ्याचे पंखेसुद्धा थबकत. मग मागून कुणाचा तरी हुंकार येई आणि वाटे, देव आत्ता आपल्याच बाकावर येऊन टेकला.

"आमचे पाद्रीबुवा गाता गाता थांबतात, साहेब. तेव्हा त्यांना 'पुढचं उरका' असं कुणी म्हणत नाही."

"हे चर्च नाही, बाई. तुम्ही नाही कापलंत तर सोमवारी दुसरी कापेल. आणि ती तुमच्या जागेवर बसून कापेल."

"बसू दे. माझ्या हातून नाही व्हायचं."

तिने निगेटिव्ह गुंडाळून डब्यात ठेवलं, झाकणाभोवती चिकटपट्टी ओढून घेतली आणि पट्टीवर ठसठशीत लिहिलं : 'अखंड आहे. टोबीच्या सहीशिवाय उघडू नये. अर्नेस्टीन प्रुइट.'

"याने काय होणार?" क्रॉपसाहेब म्हणाले.

"उघडणाऱ्याला आधी माझं नाव फाडावं लागेल. एवढंच."

क्रॉपसाहेब नखाने पट्टीचं टोक शोधू लागले. अर्नेस्टीनने आरशात बघून टोपी नीट बसवली, टाचणी खोचली आणि शेजारच्या टेबलावरच्या डॉलीला म्हणाली, "खिडकीतल्या जिरेनियमला दिवसाआड पाणी घाल गं. जास्त नको, मुळं कुजतात."