राजदूताचा उजवा हातमोजा

मी एक हातमोजा. उजव्या हाताचा, करडाच्या कातड्याचा, एके काळी पांढराशुभ्र. लिस्बनच्या एका दुकानात मला शिवलं आणि तिथून मी थेट अमेरिकेच्या राजदूताच्या हातात गेलो.

राजदूत म्हणजे एफ्राइम लॅथ्रोप, मूळचे ओहायोतले. तिकडे तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर उभं राहून भाषण ठोकायचं, खाली उतरून दिसेल त्याचा हात हातात घ्यायचा, एवढ्या भांडवलावर ते आमदार झाले. पुढे पक्ष जिंकला आणि ही नेमणूक मिळाली. पण लिस्बनच्या राजदरबारात पहिल्याच दिवशी त्यांनी उघडा हात पुढे केला आणि एक सरदार दचकून मागे सरला. म्हणून मला आणलं.

"झोपताना तरी काढणार आहात का तो?" त्यांची बायको टॅबिथा विचारायची. ते हसायचे. माझी सवय जडल्याचं त्यांना कळलं नाही, तिला कळलं.

चार वर्षांनी ते परतले, ते वॉशिंग्टनच्या संसदेत निवडून जायचं ठरवूनच. बोट गावच्या धक्क्याला लागली तेव्हा सगळ्यांत पुढे ओबडाया क्रेब्स उभा होता. तरुणपणी दोघांनी एकत्र लाकडं तोडलेली. त्यानं हात पुढे केला. यांनीही केला, माझ्यासकट.

ओबडायानं माझ्याकडे पाहिलं. मग आपला पंजा विजारीला पुसला.

"माफ करा हं, साहेब. हात धुऊन यायला हवं होतं."

यांनी मला घाईघाईनं ओढून काढलं, पण तोवर सारा धक्का हसला होता. पुढे प्रत्येक सभेत विरोधकांनी काठ्यांना पांढरे हातमोजे लटकवले. निवडणूक गेली. ते त्यांनी सोसलं. पण गावात जो तो 'साहेब' म्हणू लागला, ते सोसवेना. त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं.

शरदात ओबडायाचं नवं कोठार उभं राहायचं होतं. अशा कामाला सारं गाव लागतं.

"मला कुठे बोलावलंय?" एफ्राइम म्हणाले.

"कोठाराचं बोलावणं कधीपासून यायला लागलं?" टॅबिथानं त्यांच्यापुढे कोट धरला. खिशात मी होतोच.

दोघं गेली. हे कुंपणाशीच घुटमळले. तेवढ्यात वर चढणारा लाकडी सांगाडा एका बाजूला कलला, दोर सुटू लागला. हे धावले आणि दोर धरला. चार वर्षांत मऊ पडलेला तळवा सोलून निघाला, पण त्यांनी दोर सोडला नाही.

तुळईवरून ओबडाया ओरडला, "अरे, तो राजाघरचा मोजा कुठाय तुझा? घाल की, गाढवा!"

गाव पुन्हा हसलं. या वेळी एफ्राइमही. डोळे पुसायला मात्र हात मोकळा नव्हता. शेजारच्यांनी क्षणभर दोर पेलला, तेवढ्यात टॅबिथानं मला खिशातून काढून त्यांच्या हातात चढवलं. सांगाडा उभा राहिला. मी फाटलो.

आता मी त्याच कोठारात खिळ्याला टांगलेला असतो, मळका, अंगठ्याशी उसवलेला. कुणी कामाला आलात, तर मला खुशाल घाला. नुसतं भेटायला आलात, तर मात्र मला इथेच राहू द्या.