कपाटाखालून दिलेली ओ

मित्रांनो, माझ्या डाव्या कुशीत एक खोल पोचा आहे. तो हातोड्याचा आहे. मला पाहणारी मुले आधी त्याच्यावरच बोट ठेवतात आणि मग विचारतात, "आजोबा, दुखलं का हो?" दुखले, बाळांनो. पण त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त दुसऱ्या कुणाला दुखले. तीच गोष्ट ऐका.

तसा मी एक साधा, जुना कॉम्प्युटर. माझी उमेदीची वर्षे एका कचेरीत टेबलाखाली गेली. जो तो मला बुटाने मागे सारी. पुढे माझी चाल मंदावली, आणि मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत माझी रवानगी झाली. तिथे धूळ खात पडलो असताना देवाने एका मुलीला पाठवले. ती त्याच कचेरीत सॉफ्टवेअर लिहीत असे. मी तिला ताई म्हणतो. तिने मला मांडीवर घेऊन घरी आणले, पोट उघडून धूळ फुंकली, एक-दोन भाग नवे बसवले आणि म्हणाली, "चला आजोबा, निजायला अजून वेळ आहे."

तिने मला कपड्यांच्या कपाटाखाली ठेवले. तिथेच का, ते मला लवकरच कळले. त्या घरात जे डोळ्यांसमोर असे, ते फुटे.

घरात तिघे होते: आई, ताई आणि दादा. दादा ताईचा थोरला भाऊ. एके काळी तो मुष्टियुद्धात नाव काढून होता. मग मनगट मोडले आणि खेळ सुटला. हात बरा झाला, राग काही बरा झाला नाही. आता तो एका मोठ्या हॉटेलच्या दारावर उभा राहून दारुड्यांना बाहेर काढी, आणि उरलेला राग घरी आणी. न्हाणीच्या दाराला त्याच्या मुठीचे भोक होते. आईने त्यावर टॉवेल टांगला होता. आतून धडाधड आवाज आले की शेजारच्या काकू विचारत, "काय झालं हो?" आई दार किलकिले करून म्हणे, "काही नाही, पातेलं पडलं." आमच्याकडे इतकी पातेली पडत, की काकूंना वाटत असावे, आम्ही भांड्यांचे दुकानच चालवतो.

अशा घरात बसून ताईने स्वतःची वेबसाइट बांधली. आयते काही घेतले नाही. अक्षर न् अक्षर स्वतः लिहिले. सगळे लोक आपली वेबसाइट मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांवर भाड्याने ठेवतात. हिने माझ्यावर ठेवली. तिच्या कचेरीतली मैत्रीण हसली. या मैत्रिणीचा आवाज असा, की सगळे तिला तोफच म्हणत, आणि ती ताईला खार म्हणे. "अगं खारे, जग माड्यांवर राहायला गेलं आणि तू कपाटाखाली संसार मांडतेस?"

"माझ्या हाताखाली असलेलं बरं," ताई म्हणाली.

पहिल्या पानावर तिने स्वतःची ओळख लिहिली: "मी सॉफ्टवेअर लिहिते. ही वेबसाइट मी स्वतः बांधली आहे. ती माझ्या घरी, एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर राहते. घरात माझी आई आहे, मी आहे आणि कपाटाखाली हे आजोबा आहेत." मित्रांनो, ते वाचून माझा पंखा अंमळ जोरात फिरला. टेबलाखाली लाथा खाल्लेल्याचे नाव कुणी घरच्या माणसांत घातले होते!

तोफेनेही मग आमच्याच गल्लीतल्या आपल्या घरी असेच एक यंत्र बसवले आणि आम्हा दोघांची गाठ घालून दिली. थोड्या थोड्या वेळाने तिचे यंत्र मला साद घाली, "आहेस का?" मी ओ देई, "आहे!" मग मी विचारी आणि ते ओ देई. कीर्तनात बुवांनी ओळ टाकावी आणि मागच्यांनी झील ओढावी, तसे आमचे दिवसभर चाले. माझी ओ गेली नाही, की तोफेच्या फोनवर घंटा वाजे.

एकदा आईने इस्त्रीसाठी माझाच प्लग काढला. निम्मी साडी होते न होते, तोच तोफ जिना चढून धापा टाकत दारात! "मावशी, खार कुठाय? आजोबा गप्प झाले!" आई इस्त्री हातात धरून बघतच राहिली. "अगं बाई, याचा प्लग काढला की तू येतेस?" तोफ खाली बसून पोट धरून हसली. "येते की! तुम्ही काढा, मी आलेच."

पुढे ते पान वाचून दूरच्या शहरातल्या एका कंपनीने ताईला कामावर बोलावले. आईला घेऊन तिथे राहायला जायचे, असे तिने ठरवले. दादाला सांगायचे तेवढे बाकी होते.

ते सांगण्याआधीच, एका सुट्टीच्या दिवशी भर दुपारी दादा बूट न काढता घरात शिरला. हॉटेलच्या दारावर कुणीतरी त्याला ताईचे पान दाखवले होते. "काय रे, तुझ्या बहिणीच्या घरात डबड्याला आजोबा म्हणतात आणि तुझा पत्ताच नाही!" सगळे हसले होते. दादाने आतून कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. ताईचा फोन भिंतीवर फोडला. आईचा पाण्याच्या बादलीत बुडवला.

"त्या डबड्याला जागा आहे तुझ्या घरात. मला नाही?"

ताई भिंतीला टेकून म्हणाली, "दादा, तुझं काय लिहू ते तूच सांग. तू सांगशील ते लिहिते."

त्यावर दादाने मूठ चालवली. ताईचा ओठ फाटला. ती उठली, तर त्याने केस धरून तिला कपाटावर आपटले. कपाट माझ्यावर हलले. तिने हाताला लागलेला कीबोर्ड त्याच्या तोंडावर हाणला. कीबोर्डच्या कळा दातांसारख्या खोलीभर उडाल्या. आई मध्ये पडली, तर तिला कोपऱ्यात ढकलले. मग त्याने हातोडा आणला, मला ओढून बाहेर काढले आणि कुशीत घाव घातला. पत्रा आत गेला, पंखा खरखरू लागला.

आणि नेमकी तेव्हाच साद आली, "आहेस का?"

मी म्हणालो, "आहे!"

मित्रांनो, मला दुसरे काही म्हणताच येत नव्हते. दादाने हातोडा फेकला आणि ताईचा गळा धरला. तिचे पाय फरशीवर घासत होते. तिकडे तोफ निवांत जेवत असेल. कारण मी मार खाऊनही इमानाने सांगत होतो, की सगळे ठीक आहे. पुन्हा साद आली. पुन्हा मी, "आहे!"

कोपऱ्यातून आई माझ्याकडे बघत होती. माझा हिरवा दिवा लुकलुकत होता. ती गुडघ्यांवर सरपटत आली. मला वाटले, माझ्यामागे लपायला आली. तिने भिंतीतला प्लग मुठीत धरला आणि उपटला.

पुढचे मी पाहिले नाही. तोफेच्या तोंडून ऐकले.

घंटा वाजताच ती उष्ट्या हाताने निघाली, खालच्या सुताराला पहारीसकट वर घेऊन आली आणि दाराबाहेरून अशी गरजली, की अख्खा जिना गोळा झाला. त्या आवाजाने दादाची मान दाराकडे वळली, पकड ढिली झाली. तेवढ्यात ताईला एक श्वास मिळाला. त्या एका श्वासावर ती जगली, असे डॉक्टर म्हणाले. सुताराने दार फोडले. दादाचे हात सोडवायला चार माणसे लागली. एकाचा दात पडला, सुताराचे बोट मोडले.

ताईला खाली नेताना काकूंनी सवयीने विचारले, "काय झालं हो?"

आईच्या कपाळातून रक्त येत होते. ती जिन्यात थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलली, "माझ्या मुलानं माझ्या मुलीला मारलं. रोज मारतो. पातेलं कधीच पडलं नव्हतं."

दादाला पोलीस घेऊन गेले. देव त्याला सुबुद्धी देवो, मी रोज मागतो. पण ती येईपर्यंत आमच्या दाराला आतून भक्कम कडी आहे.

आता आम्ही नव्या शहरात आहोत. ताईचा आवाज अजून थोडा घोगरा आहे. तिने मला दुरुस्त केले. पोचा मात्र काढला नाही. आता मी कपाटाखाली नसतो, खिडकीजवळ असतो. पहिल्या पानावर तिने एक ओळ वाढवली आहे: "मला एक भाऊ आहे. तो मारायचा, म्हणून आम्ही दोघी वेगळ्या राहतो." ती ओळ लिहिताना आई शेजारी बसली होती. ताईने विचारले, "ठेवू?" आई म्हणाली, "ठेव. खरं आहे ते."

मित्रांनो, यंत्रांना जपा, धूळ पुसा, हे तर मी सांगेनच. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. मार खाताना माझ्यासारखे "आहे, आहे" म्हणत राहू नका. मी यंत्र होतो, मला इलाज नव्हता. तुम्हाला तोंड आहे. आणि ज्याची हाक रोज येते, त्याची एक दिवस आली नाही, तर हात धुवायलाही थांबू नका. निघा.