तेलाच्या डब्यातला पुदिना

“मावशी, काचेवर माती सांडतीये!”

“सांडू द्या. तुमच्या गाडीनं माझ्या अंगणात दहा महिने तेल सांडलं, तवा मी काय बोलले का?”

असं म्हणत द्रौपदाबाईंनी पोत्यातून आणखी एक डबा काढला आणि ऋषीसाहेबांच्या टेबलावर ठेवला. इंजिन ऑइलचे रिकामे डबे, वरून कापलेले. कशात पुदिना, कशात ओवा, एकात कोरफड. मोजून नऊ.

ऋषीसाहेब कंपनीचे. या एका गाडीचा निकाल लावायला पुण्याहून नारायणगावच्या शोरूमला आले होते. गाडी मागच्या आवारात चार महिने ताडपत्रीखाली पडून होती. घोडेगावच्या अलीकडे तिचं इंजिन जाम झालं, ते झालंच. कंपनीचं एकच पालुपद, मालकानं तेल कमी पडू दिलं, आमचा काही दोष नाही.

“दहा महिन्यांत नऊ डबे,” द्रौपदाबाई म्हणाल्या. “माझ्या नवऱ्यानं जन्मात थेंब घेतला न्हाई, आन त्याच्या नावाची गाडी महिन्याला डबा रिचवती. चांगल्या इंजिनाची ही रीत हाय व्हय?”

“पावत्या आहेत का?”

शेजारी बसलेल्या कपिलनं मान खाली घातली. पावत्या त्यानं नीट दिवळीत ठेवल्या होत्या. आईनं त्या एकेक करून चुलीत घातल्या. कागद दिसला की चूल पेटवायची, ही तिची चाळीस वर्षांची सवय. पण धड डबा टाकून देणं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. कापायचा, बुडाला भोकं पाडायची, माती भरायची आणि गोठ्याच्या भिंतीला ओळीनं टांगायचा.

“डबे काय, कुठूनही गोळा करता येतात, मावशी.”

द्रौपदाबाईंनी पुदिन्याचा डबा फिरवला. घरी भिंतीकडे असायची त्या बाजूला काळ्या मार्करनं लिहिलेलं होतं, गाडीचा नंबर आणि खाली तारीख. त्यांनी दुसरा फिरवला, मग तिसरा.

“ह्यो जयंतीच्या आदल्या दिवसाचा. ह्यो आमच्या सूनबाईची, स्नेहाची नाइट ड्युटी लागली तवाचा. वाचा की, तुमी तर शिकलेले.”

ऋषीसाहेबांनी वाचलं. मग हसून म्हणाले, “मार्कर तर कुणाच्याही घरी असतो.”

काउंटरवरची तेजस्विनी इतका वेळ कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून होती. ती उठून उभी राहिली.

“सर, अक्षर माझंय. डबा दिला की मी त्याच्यावर गाडीचा नंबर आणि तारीख टाकते.”

एवढं बोलून ती बसली, पण तिचे कान लाल झाले होते. द्रौपदाबाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. पगार देणाऱ्यासमोर असं बोलायला काय लागतं, ते त्यांना ठाऊक होतं.

साहेब फोन घेऊन बाहेर गेले. परत आले ते गोड होऊन. “काम झालं तुमचं. नवं इंजिन, एक पैसा द्यायचा नाही. पंधरा दिवसांत गाडी दारात. फक्त इथं सही करा.”

कपिलनं खिशातलं पेन काढलंसुद्धा.

“थांब रं. वाचू दे.”

द्रौपदाबाई शाळेत दोनच वर्षं गेलेल्या. पुढचं वाचन बाजीरावांनी शिकवलं, तेही एसटीच्या पाट्यांवर. बाजीराव डिंभे धरणावर गेट उघडायच्या कामाला. आयुष्यभर नवरा-बायको थांब्यावर बसून होते, येईल तेव्हा येणाऱ्या गाडीची वाट बघत. तेवढ्या वेळात घो-डे-गाव, मं-चर, ओ-तूर असं होत होत अक्षरं बसली. दारात आपली गाडी असावी, एवढं एकच बाजीराव बोलून दाखवायचे. ती आली त्यांच्या माघारी, त्यांच्याच फंडातून. मागच्या काचेवर नाव घातलं ‘बाजीराव’.

आता द्रौपदाबाई कागदावर बोट ठेवून एकेक थांबा घेत वाचत होत्या. “मालकाच्या… ह-ल-ग-र्जी-मुळे…” बोट तिथंच राहिलं.

“कपिल, तेल कोण टाकत व्हतं?”

“मीच की, आई.”

“कदी चुकला?”

“न्हाई. पण आई, आता काय करायचंय त्याचं? गाडी मिळतीय ना? स्नेहा पहाटे पाचला थांब्यावर उभी ऱ्हाती, बघवत न्हाई मला.”

“मलाबी बघवत न्हाई,” द्रौपदाबाईंचा आवाज खाली आला. मग त्या साहेबांकडे वळल्या. “भाऊ, ह्यो एक शब्द खोडा. लगेच सही करते.”

“तो खोडता येत नाही, मावशी. हेड ऑफिसचा नमुना असतो.”

“म्हंजे उद्या दुसऱ्या कुणाचं इंजिन तेल प्यायला लागलं, की त्याला ह्यो कागद दाखवणार. बघा, डिंभ्याची बाई कबूल झाली. माज्या लेकाला हलगर्जी लिहून देऊ? ऱ्हाऊ द्या तुमचं इंजिन. आमी ग्राहक मंचात जाऊ.”

“वर्षं जातील, मावशी.”

“एसटीची वाट बघून लई सवय हाय मला.”

डबे पोत्यात भरून त्या आवारातून निघाल्या. ताडपत्रीचं एक टोक वाऱ्यानं उडालं होतं. काचेवरचं नाव धुळीत अर्धंच दिसत होतं. पदरानं त्यांनी ते पुसलं, ताडपत्री खाली ओढली आणि तिच्यावर वीट ठेवली. कपिलनं पोतं आईच्या हातातून घेतलं.

दिवेलागणीला घरी पोचल्यावर द्रौपदाबाईंनी नऊही डबे पुन्हा गोठ्याच्या भिंतीला टांगले, लिहिलेली बाजू भिंतीकडे करून. स्नेहा तांब्या घेऊन आली आणि पुदिन्यावर पाणी शिंपडायला लागली.

“तसं नगं गं,” त्या म्हणाल्या. “मुळाशी घाल, धार धरून. तारीख भिजंल.”