पिवळ्या पंच्यावरचं रक्त

दर गुरुवारी सकाळी पुण्याजवळच्या मांजरीत उसाच्या कडेला चंपामाईच्या पत्र्याच्या शेडसमोर इतक्या गाड्या लागायच्या, की अनोळखी माणसाला तिथे कंपनी उघडलीय असं वाटावं. रिक्षातून उतरणाऱ्या आज्या, गळ्यात ओळखपत्र अडकवून अर्ध्या दिवसाच्या रजेवर आलेल्या आया, आणि प्रत्येकीच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत माईंनीच दिलेला एक पिवळा पंचा. रात्रभर पोराच्या अंगाखाली घातलेला, ओला, न धुतलेला. आत किलोभर धूप जळत असे आणि तरीही वास काही लपत नसे.

चंपामाई एकच दुखणं बरं करत. मुलं रात्री अंथरूण ओलं करतात, ते.

"तुमच्या कंप्युटरमधी व्हायरस शिरतो का न्हाई?" माई माईकवरून विचारत.

"होऽऽ!" इति ओळखपत्रवाल्या.

"तशी ह्यांच्या कमरंत एक बाई शिरलीया. हिरीत बुडून मेलेली. तिची तहान जाईना, म्हून ती लेकराकडनं रातीचं पानी काढून घेती. डाक्टरच्या मशिनीत दिसंल का ती?"

"नाहीऽऽ!"

विहिरीत बुडून मेलेल्या बाईला तहान कशी लागेल, हा प्रश्न शनिवार पेठेत वाढलेल्या नम्रताला पहिल्याच गुरुवारी पडला होता. तो तिने गिळला. लग्न होऊन मांजरीत आल्यापासून असं बरंच काही तिने गिळलं होतं.

आजचा चौथा गुरुवार. सहा वर्षांची नंदू, म्हणजे राजनंदिनी, आईच्या ओढणीला धरून उभी होती. रांगेत त्यांच्या पुढे मंदाकिनी नावाच्या बाईचा पाच वर्षांचा सार्थक होता. माईंनी त्याचा पंचा परातीत पसरला, तांब्यातलं तीर्थ शिंपडलं आणि बघता बघता पिवळ्या कापडावर लालभडक डाग फुलला. "आली बया!" माई ओरडल्या. माईंच्या दोन सेवेकऱ्यांनी पोराला धरलं. शेगडीत तापवलेल्या विळ्याचं टोक त्याच्या बेंबीखाली टेकलं. पोर असं किंचाळलं की नम्रताने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा माई पंच्यावर लिंबू पिळत होत्या, आणि लाल डाग पुन्हा पिवळा होत होता.

"गेली! बघा, रगात पुसलं तिचं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग नंदूचा पंचा पसरला. तोही लाल झाला.

"हिचीबी जात न्हाई सुखासुखी. फुडच्या बेस्तरवारी चटका," माई म्हणाल्या.

 नंदूच्या पायाशी फरशीवर ओल पसरत गेली.

आता कुणी म्हणेल, नम्रता शिकलेली, इंजिनिअर झालेली, उठून चालती का झाली नाही? अहो, सांगायला सोपं आहे. ती आधी बालरोगतज्ज्ञांकडेच गेली होती. ते म्हणाले, "या वयात पुष्कळ मुलांना होतं. झोपेत कळत नाही त्यांना. रागावू नका, दिवसा भरपूर पाणी द्या, झोपताना बाथरूमला न्या, पोट साफ ठेवा. वाढत्या वयात बहुतेकांचं थांबतं." ना गोळी, ना इंजेक्शन. सासूबाई सरुबाई हादरल्याच. "औशिद न्हाई? म्हंजी त्याला कळलंच न्हाई!" नम्रताने महिनाभर सांगितलं तसं केलं, महिन्यात गुण आला नाही आणि तिचं बोलणंच खुंटलं.

वर माईंनी एक पाचर मारून ठेवली होती. उपाय अर्धवट सोडला, तर ती बाई घरातलं दुसरं लेकरू धरते. आणि घरात नम्रताची धाकटी जाऊ, शकू, सात महिन्यांची गरोदर. ती फक्त पोटावर हात ठेवून नम्रताकडे बघत असे. त्या बघण्यापुढे काय बोलणार? उद्या तिच्या बाळाला साधी सर्दी झाली तरी बोट नम्रताकडेच येणार.

नवरा दत्तप्रसाद वर्षभरासाठी अमेरिकेत, प्रोजेक्टवर. फोनवर म्हणाला, "एक छोटासा चटका तर आहे. आईच्या मनाचं समाधान होऊ दे ना."

"तुझ्या बेंबीखाली देऊ का? छोटासाच?" नम्रताने विचारलं. फोन लवकर संपला.

नंदूने पाणी पिणंच सोडलं होतं. शाळेची बाटली भरलेलीच परत यायची. ओठ फुटले होते, लघवीला जळजळ होत होती. नम्रताला रात्री झोप लागेना आणि दिवसा कामात लक्ष लागेना. माहेरी निघून जावं, तर पोर घेऊन पळाली म्हणून शकूच्या बाळाची धास्ती सगळ्या घराला घालून जायचं. राहावं, तर गुरुवार येणार.

बुधवारी सकाळी बाथरूममधून घासल्याचा आवाज आला. दार ढकललं तर नंदू ओणवी होऊन पंच्याला कपड्याचा साबण लावत होती. आईला पाहताच ती थरथरायला लागली.

"आई, मी काही नाही केलं! मी फक्त धूत होते. धुतला तर माईंना काही दिसणार नाही ना? पण बघ ना, रक्त आलं!"

पंचा लाल झाला होता. जिथे जिथे साबण लागला होता तिथे, अगदी कोरड्या टोकांनाही.

नम्रताने खाली बसून पंचा हातात घेतला. तिला स्वतःची हळद आठवली. शनिवार पेठेतल्या नळावर आई हळदीची पांढरी साडी धुवायला बसली होती, साबण लागताच साडी लालेलाल झाली, आणि मावश्या हसून म्हणाल्या होत्या, हळदीच्या कापडाला साबण लागला की असंच होतं. 'पंच्याला साबण लावू नका, मंत्र जातो,' असं माई दर गुरुवारी का बजावत, हे तिला आत्ता कळलं. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून बाई, हळद विसरलीस! तिने नंदूला ओल्या कपड्यांसकट कुशीत ओढलं आणि दोघी रडल्या.

मग ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. जुना पांढरा पंचा डब्यातली हळद कालवलेल्या पाण्यात बुडवून तिने गच्चीत वाळत घातला.

गुरुवारी माईंनी तोच पंचा परातीत पसरला आणि तीर्थ शिंपडलं. लालभडक! विळा शेगडीत तापतच होता.

"धरा पोरीला," माई म्हणाल्या.

"थांबा," नम्रता म्हणाली. तिने नंदूला पाठीशी घेतलं. "या पंच्यावर कुणी झोपलेलंच नाही. काल मी घरच्या हळदीत बुडवलाय. मग रक्त कुणाचं, माई? डब्याचं?"

शेडमध्ये कुजबुज उठली. माई डगमगल्या नाहीत. "म्हंजी बाई घरातच बसलीया! सरुबाई, आवरा सुनंला."

सरुबाई खरंच पुढे आल्या.  पण सासूबाईंचं लक्ष सुनेकडे नव्हतंच. त्यांनी तांब्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. चाळीस वर्षं तंबाखू मळणारी बाई ती. दोनदा चव घेतली आणि थुंकली.

"ह्यो चुना हाय! चुन्याची निवळी! तंबाकूत रोज खाती मी, मला सांगती व्हय गं तीर्थ?"

त्यांनी कनवटीची डबी काढली, चुन्याचं बोट दुसऱ्या एका पंच्यावर ओढलं. लाल रेघ उठली. नम्रताने परातीतलं लिंबू उचलून तिच्यावर पिळलं. रेघ पिवळी झाली.

"चुना नि साबण हळदीला लाल करतात, लिंबू परत पिवळं करतं," ती मोठ्याने म्हणाली. "घरी जाऊन करून बघा. कुणाच्याही मुलाच्या कमरेत कुणी बाई नाही."

माई "कोप व्हईल, कोप!" असं ओरडत मागच्या दाराकडे सरकल्या. दारात मंदाकिनी उभी होती. कडेवर सार्थक, बेंबीखालची जखम चिघळलेली.

"ह्याचं अजून थांबलं नाही," ती हळू म्हणाली. "मग माझ्या पोराला डागलं कशासाठी?"

 मंदाकिनी तिथून थेट पोलीस चौकीत गेली, विळा आणि तांब्या घेऊन. साक्ष द्यायला सरुबाई गेल्या.

घरी आल्यावर त्यांनी शकूला जवळ बसवून सगळं सांगितलं. मग नंदूपुढे पाण्याचा पेला धरला. नंदू हलेना.

"पी गं माजे बाय. तुजा बाप नऊ वर्साचा हुईस्तवर गादी भिजवत हुता. काय केलं न्हाई आमी, आपसूक थांबलं. आता कंप्युटर चालवतो का न्हाई?"

"आई, हे आधी का नाही सांगितलंत?" नम्रता ओरडलीच.

"लाज वाटली," सरुबाई म्हणाल्या. "लेकाची."

तर मंडळी, अशा लाजेपायी एका पोराच्या पोटावर जन्माचा डाग राहिला आणि दुसरी थोडक्यात वाचली. मूल झोपेत अंथरूण ओलं करतं तेव्हा त्याला भूत लागलेलं नसतं, ते फक्त झोपलेलं असतं. त्याला डॉक्टरांना दाखवा, पाणी पाजा, धीर द्या. आणि कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तांब्यात काय आहे ते विचारा.

नंदूची गादी पुढे चार-पाच महिने अधूनमधून भिजली. सरुबाई ती स्वतः पुढच्या बाल्कनीत, सगळ्या सोसायटीला दिसेल अशी वाळत घालत. नंदूने मात्र त्या दुपारीच पेला दोन्ही हातांनी धरला आणि घटाघटा रिकामा केला.

"अजून," ती म्हणाली.