तेलाची रेघ

माझ्या जिभेला हाड न्हाई, हे आमची आय मरेपर्यंत सांगत होती. मी कधी मनावर घेतलं न्हाई. तीस वर्सं अंगणवाडी चालवली, गल्लीतल्या अर्ध्या पोरांची नाकं पुसली, सासवांना गप केलं, सुनांना दटावलं. वत्सलाबाईला उलटून बोलायची कुणाची टाप होती? पण औंदाच्या दिवाळीनं माझी अशी जिरवली की अजून नळावर गेले की मी तोंड मिटून घागर भरते आन घरला येते.

माजलगावात मोंढ्याच्या मागं आमची गल्ली. माझ्या घराची मागची खोली मी नऊ वर्सांपासून गुरख्याला दिली हाय. त्याचं नाव टेकबहादूर, पण गल्लीत ते कुणाला ठाऊक न्हाई. रातभर शिट्टी वाजवत फिरायचं, दिवसा झोपायचं. गल्लीतली सगळी कुत्री त्याच्यासंगं गस्त घालत्यात. बायको मनमाया चार वर्सांमागं नेपाळातून आली. मला दिदी म्हणते, आन आपली मराठी लई गोड मोडून बोलते.

धनतेरसच्या सकाळी ती माझ्या गच्चीवर पळसाच्या पानावर भात आन तांदळाच्या पिठाची तळलेली कडी ठेवून "काव काव" करत बसली होती. त्या कडीला ते सेल म्हणत्यात. मी म्हणलं, "काय गं, कोण गेलं?"

"कोन नाय गेलं दिदी. आज आमचा कावळ्याचा सन. कावळा यमाचा निरोप आनतो ना? आज त्याला गोड दिलं की वर्सभर वाईट निरोप आनत नाय. उद्या कुत्र्याचा, मग गाईचा. शेवटी भावाचा."

शेजारच्या शिवकन्येची वैष्णवी तिथंच खेळत होती. सहा वर्सांची चिमुरडी. मनमायानं तिच्या हातावर बी एक सेल ठेवला. पोरीचं अंग मला जरा कोमट लागलं, पण सणाच्या घाईत मी तिकडं ध्यान दिलं न्हाई.

मग नळावर गेले. धा-बारा बाया होत्या. माझी जीभ वळवळली. म्हणलं, "ऐकलं का गं? आमच्या गुरखिणीनं सणासुदीचं कावळ्याला जेवायला बोलावलंय. बघू आता आपल्यातल्या कुणाचा नंबर लागतो!"

बाया खदाखदा हसल्या. मी बी हसले. आज्यानं छप्पन सालाला दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरात देवऋषी न्हाई, उतारा न्हाई, भानामती न्हाई. मला त्यातलं काही खरं वाटत न्हाई, म्हणून मला त्याची चेष्टा सुचली. ज्यांना खरं वाटतं त्यांच्या पोटात ती कशी उतरंल, ते काय मला सुचलं न्हाई. शिवकन्या तेवढी हसली न्हाई. अर्धी घागर तशीच उचलून घरला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरडाओरड्यानं मी बाहेर आले. गल्लीतली पाच-सहा कुत्री झेंडूच्या माळा घालून हिंडत होती. सगळ्यांच्या कपाळाला लालभडक टिळा, कुंकू-दही-तांदळाचा. त्यातली एक पांढरी कुत्री शिवकन्येच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसली होती. दारात शिवकन्या कपाळ बडवत होती, "माझ्या लेकरावर करणी केली गं! काल खाऊ घातलं, आज दारात टिळा लावून कुत्रं बसवलं!"

आत वैष्णवी फणफणली होती. डोळे वर, व्हट सुकलेले. रातीपासून उलट्या.

"कावळ्याला बोलावलं तवाच मला कळलं," शिवकन्या म्हणली. "बायांनो, तुमी ऐकलंच ना नळावर? नंबर लागणार म्हणून?"

 कोण म्हणलं होतं, ते कुणी विचारलं न्हाई. माझा शब्द माझ्या तोंडातून निघून गल्लीचा झाला होता.

तिचा दीर विजयसिंह तवर पंधरा-वीस गडी घेऊन आला. मोठा बागायतदार माणूस, पंचायतीच्या राजकारणातला. त्याच्या मागच्यांच्या हातात काय काय होतं ते मी बघितलं आन बघितल्याचं दाखवलं न्हाई. सगळे माझ्या घराकडं वळले. मी पळतच मागच्या बोळात शिरले आन गुरख्याच्या दारात आडवी उभी राहिले.  खरं सांगते, मी शूर म्हणून उभी न्हवते. पळाले असते तर ते दोघं माझ्यामुळं गेले असते, एवढंच डोक्यात होतं.

"बाजूला व्हा बाई," विजयसिंह म्हणला. "तिला बाहेर काढा. जे केलंय ते तिच्या हातानं उतरवू द्या."

मागून कुणीतरी वरडलं, "अन् न्हाई उतरलं तर बघतोच!"

दाराच्या फटीतून मनमायाचा आवाज आला, "दिदी, पोरीला वाईट झालं? मी येते. मला येतं. तेलाची रेघ वढते तिच्या भवती, मग यम आत नाय येत."

 ही येडी खऱ्या मायेनं निघाली होती. तिनं बाहेर येऊन पोरीभवती तेल ओतलं असतं तर करणी तिनंच केली हे पक्कं झालं असतं. आन पोर नंतर दगावली असती तर? दार मागं ढकलत मी दात खाऊन म्हणलं, "तोंड उघडू नको! पाय बाहेर काढला तर बघ!"

तेवढ्यात आतून खिळ्यावरनं काहीतरी लोखंडी निघाल्याचा आवाज आला. भिंतीवर गुरख्याची खुकरी असते, वाकडा सुरा, दसऱ्याला पुजतो तो. टेकबहादूर जागा झाला होता. नऊ वर्सांत त्या माणसाचा आवाज चढलेला मी ऐकला न्हाई. पण आता तो खुकरी घेऊन दारात दिसला असता तर सगळंच संपलं असतं. मी फटीतून हात आत घातला. त्याचं मनगट हाताला लागलं. धरून ठेवलं. 

"विजयसिंह दादा," मी म्हणलं. माझाच आवाज मला परका वाटला. "ही करणी न्हाई. त्यांच्या मुलखात आज कुत्र्याचा सण असतो. आपण पोळ्याला बैल पुजतो का न्हाई? तसं. ह्याच्यासंगं रातभर राखण करत्यात म्हणून पुजतो तो त्यांना. आन पोरीला डेंग्यू असंल. खालच्या आळीत तिघं आजारी हायत. मी काल अंग कोमट बघितलं होतं. दवाखाना सोडून हितं काय करायलात?"

"तुमी भाडेकरूचीच बाजू घेणार, बाई!"

"बरं. मनमाया, ते टिळ्याचं ताट आण. कुत्र्याला लावलंस तेच मला लाव."

 ह्या गल्लीत माझ्या कपाळाला कुणी कुंकू बघितलं न्हवतं. लग्नात न्हाई, हळदीकुंकवाला न्हाई. बायांनी किती येळा बोटं पुढं केली आन मी किती येळा हात झटकले, ते समद्यांना ठाऊक. दार चार बोटं उघडलं. मनमायाचं गार बोट माझ्या कपाळाला लागलं. दही नाकावर वघळलं. मला आज्याची आठवण आली आन रडू फुटलं, पण डोळे पुसायला हात मोकळा न्हवता. उजव्या हातानं मी अजून टेकबहादूरचं मनगट धरलं होतं, डाव्यानं दार.

"आता मी हितं पायरीवर बसते," मी म्हणलं. "पोरीला गाडीत घाला आन बीडला न्या. तिला काय झालं तर आधी मला विचारा, मग ह्यांना."

शिवकन्येनं माझ्या कपाळाकडं बघितलं. मग दिराच्या अंगावर वरडली, "भाऊजी, गाडी काढा! उभे काय राहिलात!"

गाडी गेली. जाताना विजयसिंहानं चार गडी मात्र बोळाच्या तोंडाशी बसवले. सकाळी नवापासून दिस मावळेपर्यंत मी त्या पायरीवर होते.  बोळात कुणाचा बी फोन वाजला की मी उठून उभी राहायची. पोर वाचू दे, पोर वाचू दे, एवढंच. कुणाला म्हणत होते कुणास ठाऊक, आमच्यात तर मागायला कुणी न्हाई. कपाळावरचं कुंकू वाळून खाजत होतं. पुसायची हिंमत झाली न्हाई.

सहाला फोन आला. डेंग्यूच. पेशी लई घसरल्या होत्या, पण येळेवर आणलं म्हणले डॉक्टर. गडी उठले, ढुंगणं झटकली आन चहा प्यायला गेले. माफी बिफी कुणी मागितली न्हाई. मी तरी कुठं मागितली?

भाऊबीजेला मनमायानं मला बोलावलं. तवर वैष्णवीचा ताप उतरला होता, पेज मागायली होती. खोलीत चटई टाकलेली, पुढं टिळ्याच्या सात रंगांच्या पुड्या, झेंडूची माळ.

"माझा भाऊ लांब हाय," ती म्हणली. "दारात तर तुमी उभ्या राहिल्या. आज तुमीच भाऊ."

मला बसवलं. दुर्वा तेलात बुडवून माझ्या भवती तीन येळा रेघ वढली. ह्या रेघेच्या आत यम येत न्हाई म्हणली. मग उंबऱ्यावर अक्रोड ठेवला, दगड उचलला. "ज्याच्यामुळं संकट आलं त्याचं डोस्कं असं फुटो."

खाड्कन अक्रोड फुटला आन मी जागेवर दचकले. ह्यातलं मला काहीच खरं वाटत न्हाई. तरी अंगाला दरदरून घाम सुटला. तेलाची रेघ माझ्या गुडघ्याला लागून होती, आन जिच्या डोस्क्यावर दगड पडला ती आत बसली होती.

"मनमाया, ते नळावरचं... ते मीच बोलले होते गं."

तिनं टरफलं गोळा केली. वर बघितलं न्हाई. "ठाऊक हाय दिदी. मी तुमच्या मागंच उभी होते, घागर घेऊन."

"मग मला कावून बसवलंस?"

तिनं ताटातला दुसरा अक्रोड उंबऱ्यावर ठेवला आन दगड माझ्या हातात दिला.

मी मारला. पहिल्या दणक्यात फुटला न्हाई. मी दगड परत उचलला.