एकनाथरावांच्या बाजूचा चेंडू

पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि पाहता पाहता एकनाथरावांच्या कचेरीत उर्दूची इंग्रजी झाली. मिसलीची फाइल झाली, पेशकार एकनाथरावांचे हेडक्लार्क झाले, आणि खुर्चीवर मद्रासकडचे नवे साहेब आले. बोलणं थोडं, कपाळावर गंधाची बारीक रेघ. ते गंध पाहून एकनाथरावांना बरं वाटलं होतं. सगळ्या नवलाईत तेवढंच काय ते ओळखीचं.

मॅट्रिकपुरतं इंग्रजी एकनाथरावांना येत होतं. अडचण त्याची नव्हतीच. अडचण होती काझिमअलींची.

काझिमअली आणि ते एकाच टेबलाशी बसून म्हातारे होत आलेले. काझिमअलींचा भाचा रझाकारांत गेला, म्हणून चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसवलं होतं. खरं तर त्या भाच्याला त्यांनी स्वतःच घराबाहेर काढलं होतं, आणि हे एकनाथरावांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चौकशी झाली, काही निघालं नाही, पण कामावर घ्यायचा हुकूम काही निघेना. तिकडे मेहुणा कराचीहून बोलावत होता.

"ईदपर्यंत बघतौं एकनाथराव," काझिमअली म्हणाले होते. "नंतर नक्को. घरात बसून लोकांच्या नजरा सोसायच्या कायकू?"

एकनाथरावांनी त्यांची फाइल तयार केली. इतकी नेटकी, की वाचणाऱ्याला पान मागे उलटावं लागू नये. शेवटी मात्र जन्मभराच्या सवयीने लिहिलं, 'हुजूर योग्य वाटेल तो हुकूम करावा.' जुन्या दफ्तरात हीच रीत होती. खालच्याने मांडायचं, वरच्याने ठरवायचं. स्वतःचं मत लिहिणं म्हणजे हुजुरांच्या पंगतीत आपलं पान मांडून घेण्यासारखं.

साहेबांनी फाइल वाचली आणि टेबलावरून परत सरकवली.

"एकनाथराव, द बॉल इज इन युवर कोर्ट."

संध्याकाळी सुलतान बाजारात शेजारचे मुकुंदराव मास्तर भेटले. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. एकनाथरावांनी त्यांना तिथेच साहेबांच्या वाक्याचा अर्थ विचारला.

"अहो, सोपं आहे," मास्तर म्हणाले. "टेनिस पाहिलंय ना, मधे जाळी असते ते? समोरच्याने चेंडू मारला, तो तुमच्या बाजूला आला. आता तुम्ही मारायचा. तुम्ही मारत नाही तोवर समोरचा नुसता उभा. व्यवहारात म्हणतात तसं. आमचं सांगून झालं, आता पुढचं पाऊल तुमचं."

"म्हणजे साहेबांनी टाकलेला चेंडू मी उलट साहेबांवर मारायचा?"

"तसंच काहीसं."

"छे छे! केवढी बेअदबी!"

"मग धरून बसा चेंडू," मास्तर हसत म्हणाले. "पण साहेबाला ताटकळत ठेवलंत, ही अदब कुठली?"

अर्थ कळला, पण मन मानेना. साहेब मोठ्या मनाचे, म्हणून मान देताहेत, असं एकनाथरावांनी ठरवलं. कोणी पानाचा डबा पुढे केला की आधी 'पहिले आप' म्हणायचं, तसं. त्यांनी तीच फाइल अक्षर आणखी सुबक काढून पुन्हा ठेवली. खाली तेच वाक्य. साहेबांनी पुन्हा परत केली. 

ईद जवळ आली.

एकादशीला देवळात भगवंतबुवांचं कीर्तन होतं. एकनाथराव बुवांच्या मागे झांज घेऊन उभे राहायचे. बुवांचा गळा गोड, पण कीर्तन बुवा एकटे थोडेच करतात! अभंगाचं ध्रुपद अर्ध्यावर सोडायचं, मागच्यांनी ते झेलून वर न्यायचं, तेवढ्यात बुवांनी घाम टिपायचा आणि पुढचा दाखला मनात जुळवायचा. हे देणंघेणं जमलं की देऊळ डोलू लागतं आणि माणूस घरदार विसरतो. अशा सुखासाठी एकनाथरावांनी कितीतरी जेवणं थंड होऊ दिली होती.

त्या दिवशी आख्यान ऐन रंगात आलं, बुवांनी ध्रुपद उचललं, सोडलं, मागे हात केला.

मागे कोणीच उचललं नाही. एकनाथराव काझिमअलींच्या विचारात बुडालेले. बाकीचे टाळकरी त्यांच्या आवाजाची वाट पाहत थबकलेले. मृदंग एकटाच वाजत राहिला.

बुवा वळले. रागावले नाहीत. भर सभेत म्हणाले, "काय हेडक्लार्कसाहेब, वरून हुकूम यायचाय का?"

देऊळ खो खो हसलं. बायकांच्या बाजूला एकनाथरावांच्या पत्नी चतुराबाईसुद्धा हसल्या.

"अहो, मी मोठा म्हणून सगळं मीच गाऊ?" बुवा पुढे म्हणाले. "तुम्ही उचललं नाहीत तर मी श्वास कधी घेऊ, सांगा बघू!"

एकनाथरावांनी ध्रुपद उचललं. असा चढा सूर त्यांना कित्येक वर्षांत लागला नव्हता. पण गाता गाता त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तिकडे कचेरीत कोणीतरी असाच हात मागे करून उभा होता, आणि त्या हाताला आपण 'पहिले आप' म्हणत होतो.

सकाळी त्यांनी फाइलीतलं शेवटचं वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं, 'या गृहस्थांना मी जवळून ओळखतो. भाच्याला त्यांनी घराबाहेर काढलं, ते मी स्वतः पाहिलं. त्यांना कामावर घ्यावं असं माझं मत आहे. त्यांची हमी मी घेतो.' खाली पुरी सही. 'माझं मत' लिहिताना अक्षर वाकडं आलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

साहेबांनी वाचलं आणि पहिल्यांदाच त्यांना खुर्ची दाखवली.

"इतके दिवस काय करत होतात?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"हुजुरांची वाट पाहत होतो."

"आणि मी तुमची. मी या गावात परका. कोण कसा, मला काय ठाऊक? फाइलीत सगळं होतं, फक्त तुम्ही नव्हता." त्यांनी सही केली, आणि कागद हातात ठेवताना म्हणाले, "उद्या काही निघालं, तर तुमचंही नाव येईल."

"येऊ द्या," एकनाथराव म्हणाले. 'हुजूर' म्हणायचं राहून गेलं.

कागद घेऊन ते काझिमअलींकडे गेले. ओसरीवर ट्रंका दोरीने आवळून ठेवलेल्या. काझिमअलींनी कागद वाचला, परत वाचला.

"जागा खालची दिली एकनाथराव."

"हौ. खालचीच आहे. जुनी मिळवून देणं मला जमलं नाही."

काझिमअलींनी कागदाची घडी घातली. पडद्याआडून त्यांच्या बेगमांनी विचारलं, "भाईजान, आप ही बोलो. सामान खोलूं?"

'जशी आपली मर्जी' हे शब्द एकनाथरावांच्या ओठांवर आले होते.

"खोला भाभी," ते म्हणाले. "मला काझिमभाई इथे हवेत."

काझिमअली वाकले आणि पहिल्या ट्रंकेची गाठ सोडू लागले.